उजवीकडचा पडदा

मुंबईहून कुणी परत आलं की कुडाळात पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय काय बघितलंस? मी यंदा श्रावणात सात दिवस राहून आले. समुद्र बघितला, तो आपल्याकडेही आहे. उंच इमारती बघितल्या, त्यातल्या एकीत तर राहिलेच. पण खरं सांगायचं तर मी मुंबईत मुख्य बघितली ती आठ माणसं बसतील एवढी एक बॅटरीवरची गाडी. वाचनालयाच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शुभाताई, तेच लिहा की. गेट वेवर सगळेच लिहितात." म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टँडसमोर आमचं दुकान आहे. आमचे हे रिक्षांना हूड चढवतात आणि मी पडदे शिवते, तीस वर्षं झाली. रिक्षात पाऊस कुठून शिरतो हे मला डोळे मिटून सांगता येतं. माझं तोंड जरा फटकळ आहे, हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको. आणि या प्रवासात जी एक घोडचूक झाली ती माझीच होती, तीही लपवणार नाही.

जायचं कारण म्हणजे माझी ताई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्न होऊन लालबागला गेली ती तिथलीच झाली. भावोजी आता नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, आणि आता परळच्या एका मोठ्या रुग्णालयात शनिवार-रविवार सोडून रोज शेक द्यायला बोलावत होते. मशीनच्या किरणांना सगळे शेकच म्हणतात. मुलगा-सून दोघं नोकरी करणारे, त्यांच्या रजा ऑपरेशनलाच संपल्या होत्या. ताईने फोनवर "ये" असं म्हटलं नाही. नुसतं म्हणाली, "अकरा राहिलेत गो, आणि माका आता कंटाळो इलो." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. आईबाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे ताईच. तिला काही झालं तर मला माहेर उरणार नाही, हीच भीती मनात घेऊन मी गाडीत बसले.

सोमवार, लालबाग

सकाळी दादरला उतरले, स्टेशनबाहेर आले आणि सवयीने हात वर केला. रिक्षाच येईना. फुलांच्या वेण्या विकणारी एक बाई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "मावशी, इथे रिक्षा नाय भेटायची. ती शीवच्या पलीकडे. टॅक्सी बघा." एवढं मोठं शहर, आणि त्याच्या अर्ध्या भागात एकही रिक्षा नाही! रिक्षावर पोट भरणाऱ्या बाईला हे गाव कसं आवडावं?

टॅक्सीत बसले तर काच खाली आणि पाऊस आत. काच वर करायचं हँडलच नव्हतं. ड्रायव्हरने मान न वळवता आपल्या दाराचं हँडल उपसून माझ्या हातात दिलं. मी काच चढवली, हँडल परत केलं, त्याने ते पुन्हा आपल्या दाराला बसवलं. चार दारांत एक हँडल. लालबाग येईपर्यंत दोनदा देवघेव झाली.

ताईची चाळ पाडून आता तिथे टॉवर झालाय. ताई चौदाव्या मजल्यावर राहते. पण माणसं चाळीतलीच, त्यामुळे मजल्यावरची सगळी दारं दिवसभर उघडी. मी चप्पल काढते न काढते तोच समोरच्या घरातून साबुदाण्याच्या खिचडीची ताटली आली. श्रावणी सोमवार होता. आपल्याकडे पाहुण्याला आधी "कधी इलात?" विचारतात, इथे आधी ताटली येते आणि चौकशी तिच्या मागून. मला ती पद्धत बरी वाटली.

खिडकीत उभी राहिले तर पाऊस खालून वर येत होता. थट्टा नाही करत. दोन टॉवरांच्या फटीत वारा घुसतो आणि थेंब उचलून वर फेकतो. आपल्याकडचा पाऊस कसा, जोराचा असला तरी सरळमार्गी. तो कुठून येणार ते कळतं. इथला कुठूनही येतो.

ताई वाळली होती. मग तिने खोलीचं दार लोटलं आणि ब्लाउजची दोन बटणं सोडून मला दाखवलं. छातीवर आणि काखेजवळ जांभळ्या शाईने रेघा आणि फुल्या मारलेल्या. मशीनचा झोत नेमका कुठे पडायचा त्याच्या त्या खुणा. त्यांना पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून महिनाभर तिची आंघोळही अर्धीच चालली होती. खुणा पुसल्या तर सगळी मापं पहिल्यापासून घ्यायची आणि तेवढे दिवस शेक बंद. मला हे कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. रेक्झिनवरची खडूची खूण पुसली आणि अंदाजाने कात्री चालवली की काय होतं, ते मी केलेलं आहे.

अकरा वाजता रुग्णालयात पोचलो. टॅक्सीला फाटकाच्या आत सोडत नाहीत. फाटकापासून शेक देतात ती इमारत लांब, चढावर. बरी माणसं चालतात, ताईसारख्यांसाठी बॅटरीची गाडी ठेवलेली. पुढे चालक आणि त्याच्या शेजारी एक जण, मागे दोन बाकडी. वर छप्पर, चार कोपऱ्यांना चार दांडे आणि चारी बाजू सताड उघड्या. कुणा भल्या माणसाने देणगी दिलेली, नवीकोरी.

गाडी चालवत होते फ्रान्सिसमामा. भायखळ्याचे, सत्तरीचे. ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांच्या बायकोवर इथेच उपचार झाले, तेव्हापासून ते इथे सेवा करतात, आता ही गाडी चालवतात. ताईला बघून म्हणाले, "ये बाय, मधे बस. कडेला पाणी उडतं."

मधे बसून काय होणार? गाडी माणसाच्या चालीने चालणार, आणि पाऊस आडवा. ताईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एक आजी, दोघींनी छत्र्या आडव्या धरल्या. आजींच्या छत्रीची काडी पुढच्या माणसाच्या मानेला लागली, तो वैतागला. रेनकोट घाल म्हणाल, तर ऑपरेशननंतर ताईचा हात वर जात नाही, बाहीत घालता येत नाही, आणि शेकाने कातडी अशी झालेली की प्लास्टिक टेकलं तरी जळजळतं. पोचलो तेव्हा तिची उजवी बाही खांद्यापासून ओली झाली होती.

आत शेक देणाऱ्या मुलीने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. काखेजवळची रेघ पसरली होती. अर्धवट दिसत होती तेवढ्यावरून तिने ती पुन्हा काढली आणि शेक दिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, याआधी एकदा असंच झालं होतं. आज जमलं. पुन्हा पुसलं तर सगळं प्लॅनिंग नव्याने करावं लागेल. आठवडाही जाईल."

घरी आल्यावर ताई जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली आणि म्हणाली, "उद्यापासून मी जात नाही. रोज भिजायचं, कुडकुडायचं, आणि परत त्या पोरीसमोर उघडं बसून रेघा मारून घ्यायच्या. पुरे झालं. जे व्हायचं ते होवंदे."

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. माझं असंच आहे. म्हटलं, "ताई, तुझी बहीण पडदे शिवून पोट भरते, आणि तू पावसापायी मरायला निघालीस? लाज आणशील मला." मग मीच आवाज खाली आणला. "दोन दिवस दे मला. उद्या मी हाताने झाकून नेते. परवा पडदे लावते. परवा तू कोरडी पोचलीस तर पुढचे सगळे शेक घ्यायचे. नाही पोचलीस तर मी एक शब्द बोलणार नाही."

भिंतीकडून उत्तर आलं, "परवापर्यंतच."

मंगळवार, शीव आणि गिरगाव

मंगळवारी देवाने लाज राखली. आम्ही जाऊन येईपर्यंत पाऊस थांबला होता. मी तेवढ्यात हेडसिस्टरना गाठलं. कडक बाई. त्या म्हणाल्या, कंपनीकडे पडद्यांची ऑर्डर दिलेली आहे. कधी येणार? पावसाळ्यानंतर. मी माझ्या तोंडावर हात ठेवला, नाहीतर काहीतरी गेलंच असतं. "मी शिवून देते," म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेवटी म्हणाल्या, "द्या. पण गाडी देणगीची आहे. तिला एकही भोक पडता कामा नये."

आता आली का पंचाईत? आम्ही पडदा लावतो तो भोकं पाडून, रिपीटचे खिळे मारून आणि टिचबटणं ठोकून. भोक न पाडता पडदा म्हणजे कुंकू न लावता लग्न. पण चार दांडे तर होते. मी फुटपट्टीने मापं घेतली, वहीत लिहिली, आणि ठरवलं की कापडाच्या बाह्या करून त्या दांड्यांभोवती घालायच्या आणि जागेवर हाताने टाके घालून बंद करायच्या. खाली पट्टे ओढून बांधायचे. फ्रान्सिसमामा माझ्या मागे मागे फिरत होते. म्हणाले, "बाय, तू इंजिनिअर आहेस काय?" म्हटलं, "मामा, इंजिनिअरने ही उघडी ठेवली. मी शिंपीण आहे."

सामान आणायला शीवला गेले. रिक्षा जिथे, तिथे रिक्षाचं सामान, एवढी अक्कल होती. शीवच्या पुढे पहिली रिक्षा दिसली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिचे पडदे मी हात लावून तपासले. शिलाई ओबडधोबड, पण पद्धत आपलीच. उजवी बाजू कायमची बंद, डावीकडे गुंडाळायचा पडदा. रिक्षावाला विचारायला लागला, "क्या देख रही हो मौसी?" मी म्हटलं, तुझे टाके बघते, एका वर्षात उसवतील. तो हसला आणि जाड पारदर्शक प्लास्टिक कुठल्या गल्लीत चांगलं मिळतं ते त्यानेच दाखवलं.

राहिलं मशीन. घरच्या शिलाई मशीनवर हे जाड काम होत नाही. ताईच्या शेजारणीने गिरगावातल्या वारंगकाकांचं नाव सुचवलं. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, मी आणि प्लास्टिकचा गुंडाळा आत गेल्यावर काकांना स्टूल बाहेर काढावं लागलं. काका ऐंशीला टेकलेले. ताडपत्र्या, दुकानांच्या झडपा, बॅगा शिवतात. त्याआधी चौपाटीवरच्या घोड्यांच्या व्हिक्टोरियांची हूडं शिवायचे. घोडागाड्या बंद झाल्या आणि ते काम गेलं. आता त्यांच्या जागी बॅटरीच्या गाड्या आल्यात, पण त्या तयार येतात, त्यांना काकांची गरज पडत नाही.

काकांनी चहा मागवला, बटाटेवडा मागवला, मशीनला तेल घातलं आणि स्वतः बाजूला बसले. "तुम्ही शिवा. मी बघतो." मी शिवायला लागले. चांगलं मशीन होतं, लोण्यात सुरी जावी तशी सुई जात होती. थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "उजवीकडचा पडदा अखंड करताय?"

"हो. उजवी बाजू बंद असते."

"मी गाडी पाहिलेली नाही. उतारू कुठून उतरतात?"

"डावीकडून. आणखी कुठून उतरणार?" मी वर न बघताच उत्तर दिलं.

"एकदा बघून घेतलंत ना?"

इथे माझं डोकं फिरलं. प्रवासाचा शीण होता, ताईची काळजी होती, पण ही सगळी नंतरची कारणं. खरं म्हणजे मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी म्हटलं, "काका, तीस वर्षं हेच करते. मला विचारायला लोक सावंतवाडीहून येतात."

काका म्हणाले, "बरं," आणि वडा खायला लागले.

बुधवार, परळ

सकाळी आठला जाऊन मी पडदे चढवले. बाह्या दांड्यांवर अशा चपखल बसल्या की फ्रान्सिसमामांनी क्रूसाची खूण केली. उजवीकडे छपरापासून तळापर्यंत अखंड पडदा, दोन्ही दांड्यांना हाताने दुहेरी टाके. मागे एक. डावीकडे वर गुंडाळायचा. हेडसिस्टरनी येऊन दांडे तपासले, भोक सापडलं नाही, आणि "हं" म्हणून गेल्या. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, मिरवत होते.

अकराला ताईला घेऊन आले तोवर पावसाने धिंगाणा मांडला होता. सकाळभर गाडी चार्जिंगला होती, पडदे लागल्यावरची ही पहिलीच फेरी. फाटकाशी छपराखालून डावीकडून आत चढलो आणि मी पडदा सोडला. मागच्या बाकड्यावर ताई आणि मी, पुढच्यावर एक आजोबा आणि त्यांची बायको. बाहेर प्लास्टिकवर पाणी आपटत होतं आणि आत एक थेंब नव्हता. आजी म्हणाल्या, "घरात बसल्यागत वाटतंय." ताईने माझ्या मांडीवर हात ठेवला. सोमवारपासून पहिल्यांदा.

फ्रान्सिसमामांनी चढ चढून वळण घेतलं आणि गाडी इमारतीच्या दाराशी थांबवली. तिथे लोकांना उतरायला पत्र्याची शेड आहे, तिच्याखाली चाकाच्या खुर्च्या उभ्या असतात.

शेड गाडीच्या उजव्या बाजूला होती.

मी डावीकडे बघितलं. डावीकडे उघडा रस्ता आणि धो धो पाऊस. उजवीकडे माझा अखंड, दुहेरी टाक्यांचा पडदा, आणि त्याच्या पलीकडे चार बोटांवर कोरडी फरशी. आवारातला रस्ता एकेरी आहे आणि मधे जुनं झाड आहे, गाडी फिरवून दुसऱ्या बाजूने लावता येत नाही. मामांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. सोमवारी आणि मंगळवारी मी स्वतः या पायांनी उजवीकडून उतरले होते. पाय उतरले, पण हाताला ते कळलं नाही. रिक्षाची उजवी बाजू बंद, हे हाताला एवढं ठाऊक की त्याने डोळ्यांना विचारलंच नाही.

आजोबा डावीकडून उतरायला निघाले. एक पाय खाली, काठी पाण्यात, आजींनी छत्री उघडली तर ती वाऱ्याने उलटी झाली. मामा पुढून ओरडले, "थांबा, थांबा, पडाल." ताई जागची हलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असंही त्या नजरेत नव्हतं. नुसती दमलेली होती. ती नजर मी विसरणार नाही. ती आता म्हणणार, मामा, गाडी परत फाटकाकडे घ्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पिशवीत मोठी कात्री होती. मी ती काढली, पडद्याच्या मध्यावर वर खुपसली आणि सरळ खाली ओढली. आधी जोर लागला, मग तो कर्रकन फाटत गेला. काल दुपारपासूनचं काम.

"बाय, काय करतेस?" फ्रान्सिसमामा.

"दार करते," मी म्हटलं.

शेडखाली हेडसिस्टर उभ्या होत्या, खुर्च्या ढकलणारी माणसं उभी होती, सगळी बघत होती. फाटीतून मी बाहेर आले, दोन्ही बाजू हाताने फाकवून धरल्या. आधी आजोबांना परत आत घेऊन या बाजूने काढलं, मग आजींना. मग ताई आली. फाटीत क्षणभर अडकली, आणि तिला हसू फुटलं. गालातल्या गालात नाही, लहानपणी विहिरीवर हसायची तसं, पोट धरून. "गो शुभा," ती म्हणाली, "तीस वर्षां शिवतंस, आणि दार ठेवक इसारलंस?"

मी रडले. तिथेच, सगळ्यांसमोर, कात्री हातात घेऊन.

आतल्या मुलीने बघितलं. सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. शेक घेऊन बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "कोरडी पोचले. बोलले तसं करीन. पण ते भोक आधी नीट कर, दुसऱ्यांना पाणी लागेल."

गुरुवार, पुन्हा गिरगाव

फाटीला पिना लावून गुरुवारचा शेक पार पाडला, मग फाटका पडदा खांद्यावर टाकून आणि डावीकडचाही सोडवून घेऊन मी वारंगकाकांकडे गेले. कुठल्या तोंडाने जायचं याचा टॅक्सीभर विचार केला आणि शेवटी सरळ सांगितलं, "काका, चुकले. तुम्ही विचारलंत ते मी ऐकायला हवं होतं."

काकांनी पडदा उलगडून माझी कात्रीची रेघ बघितली. "सरळ कापलंय," म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "व्हिक्टोरियात दोन्हीकडून उतरायचे. मालकीण मरीन ड्राइव्हला एका बाजूने उतरणार, घरी दुसऱ्या. उतारू कुठून उतरणार ते जागा ठरवते, गाडी नाही. मलाही पहिलं हूड उसवावं लागलं होतं." त्यांनी हे मंगळवारीच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाले, "तुम्ही ऐकण्यातल्या नव्हतात."

मग त्यांनी मला शिकवलं, आणि मी ऐकलं. नुसती मधे फट ठेवली तर पाणी शिरतं. म्हणून एक भाग दुसऱ्यावर चार बोटं चढवायचा, साडीच्या निऱ्यांसारखा, आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडची कड वर ठेवायची. खालच्या कडेत साखळीचा तुकडा शिवायचा, म्हणजे पडदा आपल्या वजनाने मिटतो. बटण नको, नाडी नको. ज्याचा हात वर जात नाही त्यालाही खांद्याने ढकलून बाहेर पडता येतं. हे मी तीस वर्षांत केलं नव्हतं, कारण मला कधी लागलं नव्हतं. दोन्ही बाजू आम्ही तशाच केल्या. निघताना काका म्हणाले, पुढच्या वेळी येताना कोकम आणा. पाया पडले तर संकोचले.

शुक्रवारी नवे पडदे चढले. ताई उजवीकडून खांदा लावून उतरली. मागे न बघता आत गेली. हेडसिस्टरनी पडदा दोनदा उघडून-मिटून बघितला आणि मला विचारलं, "चहा घेता का?" फ्रान्सिसमामा म्हणाले, सात वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलेलं ऐकलं नाही.

रविवारी मला निघावं लागलं. गणपती तोंडावर, दुकानात रिक्षांची रांग लागलेली, आमच्या ह्यांचे रोज फोन. ताईचे सहा शेक राहिले होते. मी तिला लाडू, भाकऱ्यांचं पीठ आणि दम, तिन्ही देऊन निघाले. पण गाडीत एकच विचार चालू होता. पडदा शिवता येतो, माणूस रोज त्या गाडीत जाऊन बसेल याची कुठे शिलाई मारता येते?

कुडाळ

घरी आल्यावर रोज दुपारी एकला फोन यायचा. ताई जास्त बोलायची नाही. "आज पाच राहिले." "आज चार. पाऊस होतो." "आज तीन. एक नवी बाई इली, डावीकडून उतराक गेली, मी तिका उजवीकडे ओढलंय." मी शिवता शिवता फोन खांद्याने धरायची आणि "बरं" म्हणायची. शुक्रवारी एक राहिला.

सोमवारी एक वाजला, दीड वाजला, फोन नाही. दोन वाजले. आमचे हे म्हणाले, तूच कर. मी केला नाही, माझी हिंमत झाली नाही. अडीचला फोन आला. पलीकडून पावसाचा एवढा आवाज की ताईचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

"झालं गो," ती म्हणाली. "संपले. ती पोरगी म्हणाली, आता खुणा गेल्या तरी चालतील."

"मग एवढा वेळ कुठे होतीस?"

"मामांना सांगितलं, दोन्हीकडचे पडदे वर बांधा आणि मला फाटकापर्यंत न्या. ते तयार होईनात. म्हणाले, तुझी बहीण मला मारील. मी म्हटलं, तिचं मी बघते." ती थांबली. "मग कडेला बसले. मधे नाही."

"भिजलीस?"

"चिंब. पदरावर सगळी जांभळी शाई उतरली."

ती लहानपणी भिजून आली की आई तिला ओरडायची आणि मी चुगली केलेली असायची. मला आताही ओरडायचं होतं, टॉवेल घे, आलं घालून चहा पी, ताप आला तर काय करशील. दुकानात एक रिक्षावाला पडद्याचं विचारत उभा होता. मी त्याला हाताने खूण केली की थांब जरा, आणि फोनमधला पाऊस ऐकत राहिले.